बुचाचं झाड: खाली पडलेल्या फुलांचं चित्र कसं काढायचं?

ओंजळ

लहानपणी ज्या झाडाखाली खेळलो त्याचं चित्र काढायला बसलं की हात आपोआप ठरलेल्या वाटेने जातो. मधोमध खोड, दोन्हीकडे फांद्या, वर डेरा, डेऱ्यात फुलं. चित्र छान दिसतं, घरचे कौतुकही करतात, पण ते कुठल्याही झाडाचं असू शकतं. आपल्या झाडाचं नसतं.

माझं झाड बुचाचं. (काही जण आकाशमोगरा म्हणतात, तेच.) आता मला सांगा, बुचाची फुलं झाडावर असताना कुठलं मूल बघतं? झाड ६० ते ८० फूट सरळसोट वर गेलेलं, फुलांचे घोस पार शेंड्याकडे, आणि उमलायचं ते रात्री. सकाळी आपण तिथे पोचेपर्यंत फुलं खाली उतरलेली असतात. आपल्या वाट्याला येतं ते खोड, तेही छातीच्या उंचीपर्यंत. भेगाळलेलं, आणि साल इतकी मऊ की नखाने कुरतडता येते. आणि खोडाभोवतीची जमीन, पांढरीशुभ्र. वरचं झाड सगळं ऐकीव.

सुईदोरा न घेता लांब देठ एकमेकांत गुंतवून वेणी करायची, ती अर्ध्या वाटेत सुटायची, पुन्हा खाली बसायचं. तासन्‌तास मान खाली. म्हणून मी ठरवलं की चित्रात फांद्याच नकोत. खोड वरच्या कडेला कापायचं आणि उरलेला कागद जमिनीला द्यायचा.

इथे एक पेच आहे, तोच मांडायला हा धागा. यथार्थदर्शनाच्या (पर्स्पेक्टिव्हच्या) नियमाने डोळ्याची पातळी जितकी खाली, तितकी जमीन चित्रात दबते. साडेतीन फुटांच्या मुलाच्या डोळ्यांतून आखणी केली तर फुलांनी भरलेली जमीन म्हणजे कागदाच्या तळाशी एक चपटी पट्टी, बाकी सगळं खोड आणि पलीकडची भिंत. हिशेब बरोबर, पण आठवणीत असं नाही. आठवणीत जमीन सगळीकडे आहे, कारण आपण ताठ उभे नव्हतोच. वाकलेले, नाहीतर उकिडवे बसलेले होतो. मग मी दोन नजरा एकाच कागदावर ठेवल्या: खोड समोरून, जमीन वरून. जिथे दोन्ही भेटतात, म्हणजे खोडाच्या बुंध्याशी, तिथे जरा लबाडी करावी लागते. मुळांच्या सावल्या तिथे उपयोगी पडतात.

हे करताना मला सारखा फ्रेंच चित्रकार पिएर बोनार आठवत होता. त्याचं शेवटचं चित्र खिडकीतून दिसणाऱ्या फुललेल्या बदामाच्या झाडाचं आहे, १९४६-४७ सालचं. पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राच्या संग्रहात आहे. झाड पांढऱ्या फुलांनी लगडलेलं. पण जानेवारी १९४७ मध्ये, अगदी शेवटच्या दिवसांत, त्याला खटकत होता तो खालच्या डाव्या कोपऱ्यातला जमिनीचा तुकडा. तिथला हिरवा चुकलाय, पिवळा हवा, असं त्याचं म्हणणं. हातात बळ नव्हतं, म्हणून भाच्याच्या मदतीने त्याने तो बदलून घेतला. एवढं फुललेलं झाड समोर असताना माणूस जमिनीपाशी अडतो, हे मला फार जवळचं वाटतं.

आता प्रश्न. माझं माध्यम पारदर्शक जलरंग. त्यात पांढरा म्हणजे कोरा कागद. एकदोन फुलं असतील तर कागद राखता येतो, इथे शेकडो आहेत. मास्किंग फ्लुइड (कागदावर रंग बसू न देणारा द्रव) लावून बघितलं तर कडा टणक येतात आणि फुलं जमिनीवर पडल्यासारखी न वाटता कागदावर तरंगतात. कुणी काही वेगळं केलंय का? आणि तुमचं झाड कोणतं, ते कशात उतरवलंत, तेही लिहा. चित्रच हवं असं नाही.

उन्हाळी

"वरचं झाड ऐकीव" हे अगदी पटलं! मी आयुष्यात पहिल्यांदा बुचाची फुलं झाडावर पाहिली ती तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीतून, आणि आधी ओळखलीच नाहीत. चित्र टाका ना इथे.

गेरू

ओंजळ, पांढऱ्या कागदावर पांढरं राखायचा हट्ट का? जमीन मातीची असेल तर कागदच मातीचा घ्या. म्हणजे तपकिरी किंवा करडा रंगीत कागद घ्या नाहीतर पांढऱ्या कागदाला आधी सपाट गेरूचा हात द्या, आणि फुलं वरून अपारदर्शक रंगाने ठेवा.

वारली चित्रांत वेगळं काय असतं? गेरूने सारवलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाचं पांढरं, बांबूच्या काडीने. जिव्या सोमा मशे यांची (त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली) चित्रं नीट पाहा. पांढरा ठिपका भिंतीवर बसतो, तरंगत नाही, कारण अंधार आधी होता आणि उजेड नंतर आलाय. राखलेल्या पांढऱ्याचं नेमकं उलट होतं. आपण सगळीकडे अंधार भरत जातो आणि फूल म्हणजे फक्त भरायची राहिलेली जागा. सकाळी खाली पडलेलं फूल तसं नसतं हो, ते वरून येऊन पडलेलं असतं. रंगही वरूनच यायला हवा.

साहित्याचं थोडं. चायनीज व्हाइट म्हणजे झिंक व्हाइट. विन्सर अँड न्यूटनने तो १८३४ मध्ये जलरंगात आणला, आणि तेव्हापासून शुद्ध जलरंगवाले त्याच्यावर नाक मुरडत आलेत. मुरडू द्या. झिंक जरा पातळ आणि थंड, मागच्या ओळीतल्या फुलांना तो. टायटेनियम ठाशीव, पुढच्या फुलांना तो. दोन्ही मिळून खोली आपोआप येते. गॉशमध्ये (म्हणजे अपारदर्शक जलरंगात) एक लक्षात ठेवायचं की फिकट रंग वाळल्यावर थोडा गडद होतो, तेव्हा ओला असताना वाटेल त्यापेक्षा अर्धी पायरी वर राहा.

आणि सगळी फुलं पांढरी काढू नका. सावलीतलं फूल निळसर करडं असतं, तुडवलेलं फूल जवळजवळ पारदर्शक होतं, कालचं तपकिरी. खरं पांढरं शंभरात दहांना द्या.

शंकेखोर

चांगला धागा, पण मी विरोधी पक्षात बसतो.

झाड अजून आहे का? असेल तर जाऊन, समोर बसून रेखाटन करा. "आठवणीतलं झाड" ही चित्रकाराची सगळ्यात सोयीची पळवाट आहे. आठवण कधीच सांगत नाही की फुलाची नळी किती लांब, टोकाला पाकळ्या किती आणि कशा जोडलेल्या, पडल्यावर ती कुठल्या अंगावर पडते. मग आपण सगळीकडे एकच साचा छापत जातो.

मुघल दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर, त्याची फुलं घ्या. जहांगीराने लिहून ठेवलंय की काश्मीरची शंभराहून जास्त फुलं मन्सूरने चितारली. ती आज आपल्याला खरी वाटतात कारण त्याने ती बघितलेली आहेत. किंवा पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानात तिथला प्रमुख अलेक्झांडर गिब्सन याने १८४७ ते १८५० च्या दरम्यान काढवून घेतलेली चित्रं. दीडशेहून जास्त आहेत, आता एडिंबरोच्या वनस्पती उद्यानाकडे आहेत. चित्रकाराचं नावसुद्धा आपल्याला माहीत नाही, आणि तरी पान बघताक्षणी झाड ओळखू येतं. त्याच्या बालपणाचा तिथे काही संबंध नाही. त्याच्या डोळ्यांचा आहे.

ओंजळ

शंकेखोर, झाड आहे. अजून उंच झालंय. खाली पेव्हर ब्लॉक घातलेत आणि पार्किंग आहे. मी मुद्दामच जाऊन बसले नाही. तुमचा मुद्दा फुलापुरता शंभर टक्के मान्य आहे, फूल मी समोर ठेवूनच काढते. दुसऱ्या एका झाडाखालून उचलून आणते, पाण्यात ठेवते आणि सगळ्या बाजूंनी काढते. पण झाडापाशी गेले तर मी आताची उंची घेऊन जाणार. मग खोड बारीक दिसेल आणि डेरा दिसायला लागेल, जो मला नकोच आहे.

आणि बोनार समोर बसून रंगवत नसेच. बाहेर फिरताना वहीत पेन्सिलीचं छोटं टिपण करायचा, हवा कशी होती ते लिहायचा, आणि रंगवायचा घरात येऊन. तोही पळवाटच काढत होता म्हणायचं का?

गेरू, रंगीत कागदाचं लगेच करून बघते. शंभरात दहा पांढरी हे डोक्यात बसलं.

शंकेखोर

बोनारने आयुष्यभर बघण्याचा रियाज केला होता. आपण रविवारी करतो. पण ठीक, पेव्हर ब्लॉकवर मी हरलो. 🙂

पाटीपेन्सिल

मी लहान मुलांना चित्रकला शिकवते. धाग्यातली "दोन नजरा एका कागदावर" ही गोष्ट माझ्या वर्गात रोज घडते आणि कुणाला तो पेच वाटत नाही!

सात ते नऊ वर्षांच्या मुलाला झाडांनी भरलेला रस्ता काढायला सांगा. रस्ता तो वरून काढेल, सरळ पट्टा, आणि दोन्ही बाजूंची झाडं बाहेरच्या दिशेने आडवी झोपवेल. मोठ्यांना ते चुकलेलं वाटतं. मुलाच्या दृष्टीने हिशेब चोख असतो: रस्त्यावर आपण चालतो म्हणून तो पायाखालून दिसतो तसा, झाडापुढे आपण उभे राहतो म्हणून ते समोरून. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी मुलांच्या चित्रांचे जे टप्पे मांडले त्यात या वयात "जमिनीची रेघ" येते, आणि सगळं त्या रेघेवर उभं राहतं. गरज पडली की मूल दुसरी रेघ काढतं, कागद फिरवतं. त्याही आधी ल्युके या फ्रेंच अभ्यासकाने म्हटलं होतं की मूल दिसतं ते काढत नाही, माहीत असतं ते काढतं.

म्हणून मला वाटतं, ओंजळ, बुंध्याशी जी लबाडी म्हणतेस ती लपवू नकोस. मुळांच्या सावल्या घालून दोन नजरा शिवून टाकल्यास की परत मोठ्या माणसाचं चित्र होतं. सांधा दिसू दे. आपल्या लघुचित्रांत कुठे लपवलाय? पहाडी चित्र बघ. बागेतली फरशी किंवा पाण्याचा हौद वरून पाहिल्यासारखा सपाट, त्याच्याकाठचं झाड समोरून, पान अन् पान सुटं. डोळ्याला काहीही खटकत नाही.

माझ्या वर्गातला एक अनुभव. सगळ्यांना एकदा "तुमचं फुलांचं झाड" दिलं होतं. एकीने कागदभर फक्त लाल गोळे काढले, खोड नाही, काही नाही. म्हटलं झाड कुठाय गं? म्हणाली, "मी आत आहे ना."

उन्हाळी

पाटीपेन्सिल, शेवटचं वाक्य 👏👏

टाकाधागा

मी चित्र काढत नाही, भरतकाम करते, त्यामुळे जरा दबकतच लिहितेय. माझं झाड प्राजक्त.

प्राजक्ताचं बुचाच्या अगदी उलट. झाड ठेंगणं, हाताला येणारं, फांदी हलवली की डोक्यावर सडा. त्यामुळे मला झाड पूर्ण आठवतं, खरखरीत पानांसकट. पान गालाला लावलं की झोंबायचं. पण भरताना मीही जमिनीवरच आले. कारण असं की प्राजक्ताची कितीतरी फुलं पालथी पडतात. पाकळ्या मातीकडे, केशरी देठ वर. लांबून सडा पांढरा दिसतो आणि वाकून पाहिलं की ठिकठिकाणी केशरी ठिपके. छापील नमुन्यांत बघा, सगळी फुलं तोंड वर करून हसत असतात. तशी ती हारात असतात, जमिनीवर नाही.

मी मातकट रंगाचं हातमागाचं कापड घेतलं, शिवून उरलेलं. पाकळ्यांना पांढरा रेशीम दोरा, एकेरी, साधा सरळ टाका. पालथ्या फुलाच्या देठाला केशरी दोऱ्याचा गाठीचा टाका, म्हणजे तो कापडावर उठून येतो आणि बोटाला लागतो. उताण्या फुलांना मधे अगदी छोटा केशरी ठिपका, न उठणारा. एवढ्या एका फरकाने सडा जिवंत झाला. गेरू म्हणतात तसं, कापडात "अंधार आधी" असतोच, तो आम्हाला फुकट मिळतो.

दोरा मी घरीच प्राजक्ताच्या देठांत रंगवायला गेले होते. देठ वाळवून, पाण्यात उकळून, चाळून. रंग आला फार सुंदर, केशराच्या जवळ जाणारा. पूर्वी रेशमाला हाच रंग देत. पण उन्हापुढे टिकत नाही. खिडकीसमोर ठेवलेली लडी बघता बघता फिकी पडली. म्हणून भरायला बाजारचा दोरा वापरला आणि ती फिकी लडी कापडाच्या मागच्या बाजूला टाचून ठेवली.

अबोल_बाबा

टाकाधागा यांनी उडणाऱ्या रंगाचा विषय काढला म्हणून लिहितो. फुलांची चित्रं काढणाऱ्यांसाठी हा खरा धोका आहे, आणि गुलाबी-लाल फुलांत सगळ्यात जास्त.

व्हॅन गॉगचं फुललेल्या बदामाच्या फांद्यांचं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, निळ्या आकाशावर पांढरी फुलं. फेब्रुवारी १८९० मध्ये त्याने ते पुतण्यासाठी काढलं. त्याचा भाऊ थिओ याला ३१ जानेवारीला मुलगा झाला होता आणि त्याचं नाव काकावरून व्हिन्सेंट ठेवलं होतं. बाळाच्या घरी भिंतीवर लावायचं चित्र. आज आपण ज्याला पांढरी फुलं म्हणतो ती मुळात बरीच गुलाबी होती. तांबडा रंग उजेडाने उडून गेला. म्हणजे त्या बाळाने लहानपणी जे चित्र पाहिलं असेल ते आपण पाहतच नाही. (हेच बाळ मोठं होऊन काकाच्या चित्रांचा संग्रह सांभाळतं, आणि त्यातून अ‍ॅमस्टरडॅमचं संग्रहालय उभं राहतं. ते १९७३ मध्ये उघडलं.)

आणखी एक बघा. त्या चित्रात जमीन अजिबात नाही, बुंधा नाही, क्षितिज नाही. नुसत्या फांद्या आणि आकाश. पाठीवर झोपलेल्या बाळाला झाड असंच दिसेल. व्हॅन गॉगने हे ठरवून केलं असं मी म्हणत नाही. जपानी छापचित्रांचा त्याच्यावर केवढा परिणाम होता ते माहीतच आहे, हिरोशिगेच्या प्लमच्या बागेची त्याने १८८७ मध्ये तैलरंगात नक्कलही केली होती. पण ओंजळ यांचा मुद्दा डोक्यात ठेवून बघितलं की ते चित्र वेगळंच दिसायला लागतं.

कामाची गोष्ट: कांचन, गुलमोहर, पांगारा रंगवणाऱ्यांनी नळीवरचं रंगद्रव्याचं चिन्ह वाचा. अलिझरिन क्रिमसनचा जुना प्रकार, पीआर ८३, उडतो. ऑपेरा नावाचा भडक गुलाबी तर फारच लवकर. त्याऐवजी क्विनाक्रिडोन घ्या, पीआर १२२ किंवा पीव्ही १९. शंका असेल तर पट्टी रंगवून अर्धी झाका आणि काही महिने खिडकीत ठेवा.

कागदी_होडी

एवढ्या गंभीर लोकांत माझा गुलमोहर आणू का? 😄

आमच्यासाठी गुलमोहर हे झाड नव्हतंच, खेळण्यांचं कपाट होतं. फूल उघडलं की बाहेरचे पाच जाड तुकडे, बाहेरून हिरवे आतून लाल, ते सोलून नखांवर चिकटवायचे की चेटकीण तयार. आतले केसर घेऊन डोकी एकमेकांत अडकवायची आणि ओढायची, ज्याचं डोकं तुटलं तो हरला. पाच पाकळ्यांत एक वेगळी असते, पांढरट पिवळी, लाल ठिपक्यांची. ती ज्याला मिळेल तो राजा. प्रत्येक फुलात असतेच, त्यामुळे सगळेच राजे.

हे मी टॅबलेटवर काढलंय. झाड नाही, फूलही नाही, फक्त हात. लहान मुलीचे दोन पंजे, नखांवर ती हिरवी-लाल टोकं, आणि मागे नुसता लाल. डिजिटलमध्ये लालचा त्रास असा की पडद्यावर झगमगतो आणि छापून आणला की मातकट होतो. पडद्यावरचा लाल प्रकाशाचा, कागदावरचा शाईचा, दोघांचं जमत नाही. मी शेवटी मागचा लाल बराच उतरवला आणि नखांच्या आतल्या कडेला तेवढा पूर्ण ठेवला.

पिचकारीच्या झाडाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? स्पॅथोडिया. त्याच्या कळ्या दाबल्या की पाणी उडतं. ते कसं काढणार पण.

उन्हाळी

मला बहाव्याबद्दल विचारायचंय. माझ्या लहानपणीचं झाड तेच. दरवेळी पिवळा मरतो. झुपके झुंबरासारखे लटकायला हवेत, ते चिखल होतात. सावलीत काळा मिसळला की हिरवट होतं.

गेरू

पिवळ्यात काळा मिसळला की हिरवट होणारच, पिवळ्याचा स्वभाव तो. पिवळ्याला अंधाराकडे फार जागा नसते. थोडं खाली गेलं की तो पिवळा राहत नाही. तेव्हा सावली पिवळ्यातच शोधायची: लिंबू पिवळ्यावरून गर्द पिवळ्यावर, तिथून गेरूच्या जातीतल्या पिवळ्या मातीवर, फार तर थोडी जळकी सिएना (तांबूस तपकिरी). त्याच्या पलीकडे नाही. बाकीचा अंधार फुलांच्या मागे द्या. बहावा फुलतो तेव्हा पानं फारशी नसतात, त्यामुळे मागे सगळे आकाश रंगवतात, आणि आकाश उजळ, पिवळाही उजळ, दोघं एकमेकांना खातात. मागे भिंत घ्या, दुसरं गर्द झाड घ्या, पावसाआधीचं करडं आभाळ घ्या. आणि त्या लांब काळ्या शेंगा विसरू नका, फुलांच्या वेळी मागच्या वर्षीच्या लटकत असतात. एक शेंग ठेवली की पिवळा दुप्पट उजळतो.

उन्हाळी

शेंगा! आम्ही त्यांच्या तलवारी करायचो आणि चित्रात मी त्या कधीच घेतल्या नाहीत. "सुंदर दिसत नाहीत" म्हणून. धन्यवाद.

निशाचर

उशिरा आलो. ओंजळ, तुमच्या मूळ प्रश्नाला एक तिरकं उत्तर: फुलं रंगवूच नका, त्यांना स्वतःला कागदावर उमटू द्या. सायनोटाइप.

कागदाला दोन रसायनांचं मिश्रण लावायचं, फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड, मंद उजेडात. वाळला की त्यावर फुलं मांडायची, वर काच, आणि उन्हात ठेवायचं. जिथे ऊन लागतं तिथे प्रशियन निळा तयार होतो, फुलाखाली कागद पांढरा राहतो. नंतर साध्या पाण्यात धुवायचं. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये ही पद्धत शोधली आणि लगेच पुढच्या वर्षापासून अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने तिच्यावर समुद्रातल्या शेवाळांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. ते पांढरे ठसे आणि मागचा निळा बघितलात तर तुम्हाला बूच आठवेलच.

बुचासाठी हे माध्यम इतकं चपखल का, तर पाकळ्या पातळ असतात. त्यांच्यातून थोडं ऊन आरपार जातं, म्हणून पाकळ्या फिकट निळ्या येतात आणि नळी जाड म्हणून पांढरी. दोन फुलं एकमेकांवर पडली की तिथे जास्त पांढरं. तुम्हाला जी खोली हातांनी आणायची आहे ती इथे आपोआप येते. आणि शंकेखोर यांचीही तक्रार मिटते: नळीची लांबी खरी, पाकळीचा कोन खरा, आकार एकास एक. खोड हवं असेल तर ठसा वाळल्यावर वरून कोळशाने काढा. पाटीपेन्सिल यांचा सांधाही दिसेल.

उडण्याबद्दल, बाबांसाठी: सायनोटाइपही उजेडात फिका होतो. पण याचा उलटा गुण असा की काही काळ अंधारात ठेवला की निळा बराचसा परत येतो. फक्त साबण किंवा सोड्याच्या पाण्यापासून लांब ठेवा, अल्कलीने तो जातो तो जातोच.

शंकेखोर

हे मान्य! याला निरीक्षण म्हणता येईल, फक्त करणारा सूर्य आहे.

पण एक कुरकुर राहतेच. सायनोटाइपमध्ये फुलं मांडावी लागतात, आणि मांडली की हात नक्षी करायला लागतो. पडलेल्या फुलांना अशी शिस्त नसते. दोन गुंतलेली, एक एकटंच लांब, एका जागी ढीग, मधे मोकळी जमीन.

निशाचर

मांडू नका. उभं राहून ओंजळीतून सोडा. पडतील तशी. मग काच ठेवा.

ओंजळ

हे तर माझं नावच झालं 😄

रंगीत कागदावर एक करून पाहिलं. गेरूचा सपाट हात, त्यावर झिंक आणि टायटेनियम. फुलं बसली जमिनीवर, खरंच बसली. सांधा उघडा ठेवलाय, बुंधा सरळ जमिनीत घुसतो, मुळं नाहीत, सावल्या नाहीत. घरी एकाने विचारलं की खोड हवेत का लटकतंय, दुसऱ्याने काहीच विचारलं नाही. पाटीपेन्सिल, तुमच्या वर्गात दाखवाल का? मुलं काय म्हणतात ते ऐकायचंय.

आता सायनोटाइप करायचंय. बूच हिवाळ्याच्या तोंडावर पुन्हा बहरतो तेव्हा फुलं मिळतील. निशाचर, सकाळची फुलं ओलसर असतात. तशीच सोडली तर चालतील का, की दाबून वाळवायची?

निशाचर

ओली नकोत. पाण्याचा थेंब लागला की तिथलं रसायन पसरतं आणि डाग येतो. पण पार वाळवूही नका, वाळलं की फूल चुरगळतं आणि नळी वाकडी होते. सकाळी उचला, टिपकागदाच्या दोन घड्यांमध्ये तासभर हलक्या वजनाखाली ठेवा आणि दुपारच्या आत वापरा. काच जड घ्या, नाहीतर जाड नळीमुळे पाकळ्या कागदापासून उचलल्या जातात आणि कड धूसर येते. थोडी धूसर आली तर मात्र टाकून देऊ नका, मागच्या फुलांना ती बरी दिसते.

पाटीपेन्सिल

दाखवते की, फोटो नको, मूळ चित्रच पाठव. मुलांना जवळ जाऊन नाक लावायला लागतं. आणि रसायनं मुलांसमोर नकोत हं, हातमोजे घालून स्वतःच कर.